पाठीवरच्या पाच तन्वी

चंद्रावर वजन वाढलेलं कुणाला कळत नाही. चंद्राची ही सगळ्यात मोठी सोय आणि सगळ्यात मोठा दगा. पृथ्वीवर माणूस सुटला की गुडघे कुरकुरतात, जिना नकोसा होतो, रिक्षात शेजारी बसलेला तोंड वाकडं करतो. पठार वसाहतीत यातलं काहीच होत नसे. तिथे बावन्न वर्षांची तन्वी बोंद्रे भोजनगृहाच्या चार-चार पायऱ्या एका उडीत चढायची आणि वर पोचल्यावर तिला साधी धापही लागायची नाही. तन्वी म्हणजे सडपातळ. आईबापांनी नाव ठेवलं तेव्हा पोर काडीसारखी होती, त्यांना तरी काय दोष द्यायचा.

वसाहतीचं सरकारी नाव आकड्यांचं होतं, पण पहिल्या तुकडीत सातारा-कोल्हापूरकडची माणसं जास्त, म्हणून सगळे तिला पठार म्हणत. तन्वी तिथल्या भोजनगृहाची प्रमुख होती. तिचा नवरा मिहिर पाणी-शुद्धीकरणाचे पंप सांभाळायचा. दोघं पंचविशीत, लहानग्या लेकीला घेऊन वर आली होती, ती तिथलीच होऊन गेली. तन्वी जाड का झाली याचं कुणाला फार कोडं नव्हतं. तिला अन्न टाकवत नसे. पातेल्याच्या तळाला राहिलेली आमटी, अर्धी भाकरी, मुलाखती घ्यायला आलेल्या पाहुण्यांनी नखरे करून ठेवलेला भात, हे सगळं ती ओट्याशी उभ्याउभ्या संपवायची. उभ्याने खाल्लेलं अंगाला लागत नाही, अशी तिची ठाम समजूत होती. वास्तविक उरलेलं अन्न खतटाकीत जाऊन महिन्याभरात पुन्हा पालेभाजी होऊन यायचं, म्हणजे चंद्रावर काही वाया जातच नव्हतं. पण संस्कार कुठे ऐकतात!

तर सगळं असं मजेत चाललेलं असताना वाईहून ओवीचा निरोप आला.

ओवी ही त्यांची एकुलती एक मुलगी. वसाहतीचा नियम असा की दहाव्या वर्षी मुलांना खाली पाठवायचं, कारण चंद्रावर वाढलेली हाडं पुढे पृथ्वीवर टिकत नाहीत. ओवी मावशीकडे वाईला वाढली, शिकली, तिने लग्न केलं. हे सगळं तन्वीने पडद्यावर पाहिलं. लेकीच्या लग्नात तिने पडद्यावर अक्षता टाकल्या आणि नंतर भोजनगृहाची फरशी पुसत बसली. आता ओवी म्हणत होती, "आई, आम्ही मूल होऊ द्यायचं ठरवतोय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? गरोदर बाईला वर येता येत नाही. मग माहेरानेच खाली यावं. तुम्हा दोघांना किती दिवस लागतील सांग, मी थांबते."

तन्वीने एका क्षणात हो म्हटलं. पंचवीस वर्षांची नोकरी झाली होती, दोघांनाही सेवानिवृत्ती घेऊन कायमचं खाली जाता येणार होतं. या वयात प्रवास एकदाच करता येतो, खाली उतरलेल्याला परत वर सोडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण परत यायचं कुणाला होतं? मिहिरने तर वाईच्या घाटाजवळ कुठे खोली मिळेल याची चौकशीही सुरू केली.

मधे आडवी आली परतपात्रता. म्हणजे पृथ्वीवर परतायला शरीर लायक आहे की नाही याची तपासणी. ती करायच्या डॉ. सफिया मुजावर, मूळच्या मिरजेच्या. बोलायला कोरड्या, पण माणूस मनापासून जपणाऱ्या. दोघांची तपासणी एकाच दिवशी झाली. तन्वीला त्यांनी काट्यावर उभं केलं. काटा सोळाच्या खाली थांबला.

"बघा, सोळा किलोसुद्धा नाही," तन्वी म्हणाली. "आणि तुम्ही मला जाड म्हणताय."

डॉक्टरांनी हसू दाबलं. "ताई, हा काटा तुमच्याबद्दल बोलतच नाहीये. चंद्र तुम्हाला किती ओढतो, तेवढंच तो सांगतो. वजन हे माणसाचं एकट्याचं नसतं, ते माणूस आणि जमीन या दोघांतलं असतं. तुमच्या अंगात जो माल आहे, हाड, मांस, चरबी, तो इथेही तेवढाच आणि वाईतही तेवढाच. फक्त चंद्र जेवढं ओढतो त्याच्या सहापट पृथ्वी ओढते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या पायांना पंचवीस वर्षं एका तन्वीला उचलायची सवय आहे. वाईला उतरलात की पाठीवर आणखी पाच तन्वी बसतील. पाय उभेच राहणार नाहीत. हृदयाचं तर मी बोलतच नाही."

तन्वीने पाठीमागे वळून पाहिलं, जणू त्या पाचजणी येऊन बसल्याच होत्या. मग तिने विचारलं की खाली लोक एक सुई घेतात, भूक मरते आणि चार-सहा महिन्यांत माणूस निम्मा होतो, ती इथे मिळेल का? डॉक्टरांनी सांगितलं की खाली ती बऱ्याच जणांच्या उपयोगी पडते, पण भूक मेली की चरबीबरोबर स्नायूही झडतो. चंद्रावरच्या माणसाकडे मुळात स्नायू बेताचा, त्यात पन्नाशीनंतर तो आपण होऊनच ओसरायला लागतो. तेव्हा इथे उपाय एकच, आणि तो तन्वीच्या आजीलाही माहीत असणार. चौरस आणि बेताचं खायचं, अंग हलवायचं आणि घाई करायची नाही. दीड वर्ष तरी लागेल.

मिहिर आत तिच्यापेक्षा बराच जास्त वेळ होता. बाहेर आला तो हसतच. तिने विचारलं तर म्हणाला, "माझंही तुझ्यासारखंच. पोट कमी करा म्हणतात." नवरा-बायकोला एकच पथ्य मिळालं, म्हणून तन्वीला जरा बरंच वाटलं.

दीड वर्ष ऐकून तिचं डोकं मात्र फिरलं होतं. लेक तिशी ओलांडून थांबलेली आणि आपण इथे मोजूनमापून भाकरी खात बसायचं? तिने स्वतःचा उपाय काढला. सोमवार, गुरुवार, एकादशी आणि चतुर्थी, सगळे उपास धरले. आता संकष्टी चंद्रोदय पाहून सोडायची असते, आणि इथे तर चंद्र पायाखाली. पठारावरच्या बायकांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता. साताऱ्याचा चंद्रोदय पंचांगात बघायचा आणि त्या वेळेला खिडकीतून पृथ्वीला नैवेद्य दाखवायचा. तोपर्यंत तन्वी निर्जळी राहायची आणि एकादशीला मात्र कूट घातलेल्या साबुदाण्याच्या खिचडीचं ताट लावायची. एकादशी दुप्पट खाशी, मिहिर तिला चिडवायचा. ती म्हणायची, उपासाचं ते उपासाचं, ते मोजायचं नसतं.

महिन्या-दीड महिन्यात काटा खाली आला. तन्वी फुशारक्या मारत भोवऱ्यात गेली.

भोवरा म्हणजे व्यायामाची फिरती खोली. आकार कढईसारखा आणि ती सबंध कढई गरागरा फिरायची. अशा फिरत्या भांड्यात मधल्यापेक्षा कडेचा माणूस जास्त जोराने बाहेर फेकला जातो, आणि तो जोर अंगाला वजनासारखाच जाणवतो. त्यामुळे तळाशी चंद्राचंच वजन, आणि जसजसं काठाकडे चढावं तसतसं ते वाढत जाई. चढावर एकावर एक कड्या, म्हणजे चालायचे गोल पट्टे होते, आणि काठावरच्या शेवटच्या कडीवर भरायचं ते थेट पृथ्वीचं वजन. त्या कडीवर अर्धा तास चालता आलं आणि बसून उठता आलं की परतपात्रतेचा शिक्का.

तन्वी पहिल्या कडीवरून दुसऱ्या कडीवर चढली आणि मटकन खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांनी तिची तपासणी केली आणि कपाळाला हात लावला. उतरलेल्या वजनात चरबीच्या जोडीने मांडीचा स्नायू गेला होता.

"ताई, घर हलकं करायचं म्हणून तुम्ही अडगळीबरोबर खांबही काढून टाकलेत. एक दिवस उपाशी, दुसऱ्या दिवशी खिचडी. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. दुष्काळात ते चरबी जपतं, कारण ती शिदोरी. स्नायू पोसायला महाग, म्हणून आधी त्याच्यावर कुऱ्हाड."

तन्वी त्या दिवशी रडली. मिहिरने तिला रडू दिलं, मग म्हणाला, "झालं? चल आता, भाकऱ्या थापू. एक तुझी, एक माझी."

तिथून खरी सुरुवात झाली, आणि ती मुळीच रंजक नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो. सकाळी अंडं किंवा मुगाचं धिरडं. दुपारी निम्मं ताट भाजी, वाटीभर उसळ नाहीतर घट्ट वरण, एक भाकरी, चवीपुरता भात. रात्रीचं जेवण लवकर. सण आला की पुरणपोळी होई, तूप घालून आणि बसून, मान वर करून खाल्लेली. बसून खाल्लं की दीड पोळीत पोट भरतं, हा शोध तन्वीला त्रेपन्नाव्या वर्षी लागला. शिवाय रोज भोवऱ्यात चालणं, उठाबशा, आणि पाण्याच्या पिशव्या उचलणं.

राहिला प्रश्न पातेल्यांच्या तळाचा. तो मिहिरने सोडवला. भोजनगृह बंद व्हायच्या वेळेला तो पंपघरातून मुद्दाम यायचा, तन्वीच्या आधी मोरीपाशी जाऊन सगळी भांडी स्वतः निपटायचा आणि उरलेलं अन्न हात जोडून खतटाकीत टाकायचा. तिने पहिल्या दिवशी केवढा तमाशा केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "तुझं पोट म्हणजे खतटाकी नाही, तन्वी. आपल्याकडे एक चांगली खतटाकी आहे," तो म्हणाला, आणि पुढे दीड वर्ष एक दिवस त्याने ते काम चुकवलं नाही.

मधे दोन महिने काटा जागचा हलला नाही. तन्वीने तोंड फुगवलं, व्यायामाला जाणार नाही म्हणाली. डॉक्टरांनी समजावलं की शरीर जुन्या सवयीला चिकटून बसतं, आपण त्याच्याहून चिवट व्हायचं. त्या समजावण्याचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो मिहिरचा. तो रोज तिचे बूट दारात आणून ठेवायचा आणि स्वतःचे घालून उभा राहायचा. बायको येईपर्यंत तो हलायचाच नाही, म्हणून तिला जावं लागायचं. भोवऱ्यात तो गुडघ्याचं निमित्त सांगून दुसऱ्या कडीवरच चालायचा. तन्वी तिसऱ्या कडीवर गेली, मग चौथ्या, आणि तो खालून मान वर करून तिच्याशी गप्पा मारत चालत राहायचा. तिला वाटायचं, हा आळशी आहे, शेवटच्या महिन्यात धावपळ करणार. कॉलेजातही त्याने अभ्यास तसाच केला होता.

ज्या दिवशी ती शेवटच्या कडीवर अर्धा तास चालली, त्या दिवशी अख्खं भोजनगृह टाळ्या वाजवायला आलं होतं. घामाने भिजलेली तन्वी पृथ्वीच्या वजनाने खाली बसली आणि हाताचा आधार न घेता उठली. पाठीवरच्या पाचजणींना ती आता उचलत होती, आणि त्याही पहिल्यापेक्षा बारीक झाल्या होत्या. खाली वाईला ओवीला पाचवा महिना लागला होता. आई चौथ्या कडीवर पोचली तेव्हाच तिने धीर करून पाऊल उचललं होतं.

परवाना आला तो एकाच नावाचा.

तन्वीला वाटलं, कार्यालयाची चूक. ती भांडायलाच निघाली होती. मिहिरने तिला भोजनगृहातल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की चूक नाहीये. त्याच्या खुब्यापासून मणक्यापर्यंत सगळी हाडं विरली होती. व्यायामाने ती आहेत तिथे थांबली असती, परत भरून आली नसती. पृथ्वीवर पहिल्याच पावलाला खुबा मोडला असता. हे त्याला पहिल्याच तपासणीत कळलं होतं, आणि त्याने डॉक्टरांना गप्प राहायची शपथ घातली होती.

तन्वीने पाण्याचा पेला बाकावर ठेवला.

"मग दीड वर्ष माझ्याबरोबर कशाला चाललास?"

"एकटी चालली असतीस?"

 तिला इतका राग आला की ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. एका घरात, एका पिठाच्या भाकऱ्या खाऊन, एका वेळी झोपून-उठून दोन माणसं दोन वेगळ्या ग्रहांची झाली होती, आणि एकाला ते माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली आणि मी जात नाही म्हणाली.

डॉ. मुजावरांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. "राहा. तो तुमचा हक्क आहे. मी फक्त शरीराचं सांगते. ते शिकायला दीड वर्ष घेतं आणि विसरायला दीड महिना. भोवरा सोडलात तर पुढचं यान येईपर्यंत पाय चंद्राचे झालेले असतील. नंतर मन बदललं तरी उपयोग नाही."

"आणि भोवरा सोडला नाही तर?"

"तर रोज पृथ्वीसाठी चालायचं आणि रोज इथेच राहायचं. जमेल तुम्हाला?"

तन्वीने विचारलं, की तुम्ही मला हे तेव्हाच का नाही सांगितलंत. डॉक्टर म्हणाल्या की पेशंटचं गुपित फोडता येत नाही. मग पुढे म्हणाल्या की ते कारण खरं आहे पण पुरतं खरं नाही. सांगितलं असतं तर तन्वीने प्रयत्नच केला नसता, असं मिहिर म्हणाला होता, आणि त्यांना ते पटलं होतं. "त्यात मी चुकले असेन," त्या म्हणाल्या. "मला अजून कळत नाही."

घरी मिहिर तिचे बूट दारात ठेवून उभा होता. तन्वी त्याच्या अंगावर ओरडली, मग त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. चंद्रावर अश्रूही सावकाश ओघळतात, त्यामुळे ते बराच वेळ चाललं. तो एकच वाक्य बोलला. "दहा वर्षांच्या पोरीला आपण रडत यानात बसवलं, तिला सांगितलं की आई येईल. तू जा."

ती गेली.

उतरल्यावर पहिला आठवडा तिला वाटलं की आपण मरणार. दुसऱ्या आठवड्यात ती अंगणातून फाटकापर्यंत चालली. ओवीने पोट सांभाळत तिचा हात धरला होता, कोण कुणाला सांभाळतंय हे बघणाऱ्याला कळलं नसतं. तन्वीने लेकीला जवळ घेतलं, दहा वर्षांची असताना घेतलं होतं त्यानंतर पहिल्यांदा, आणि पुढे महिनाभर ती येताजाता तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. डिंकाचे लाडू केले, अळीव भिजवले, आणि सकाळ-संध्याकाळ चालणं एकदाही चुकवलं नाही. दारात बूट कुणी ठेवत नव्हतं, तिचे तीच घालायची.

मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी.

मिहिरने पडद्यावर तिला डोळे भरून पाहिलं. पहिला प्रश्न त्याने वजनाचा विचारला, आणि पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग चार दिवस त्याचा पत्ता नाही. पाचव्या दिवशी तो पडद्यावर आला तेव्हा त्याच्या मांडीवर एक मोठं गाठोडं होतं, तन्वीच्या जुन्या, आता कुणालाच न होणाऱ्या गाऊनमध्ये गुंडाळलेलं. बागेतली माती भरली होती म्हणाला. नातीच्या सहापट.

"म्हणजे हाताला अगदी तेवढंच लागतं, तुला तिथे लागतं तेवढं," तो सांगत होता. "दोन दिवस माती कमी-जास्त करत बसलो. आता बरोबर जमलंय. कळतंय मला, कशी लागते ती."

तन्वीने बाळ छातीशी घट्ट धरलं.

"फक्त एक आहे," मिहिर म्हणाला. "झोका देता येत नाही. हलवायला गेलं की हलत नाही, आणि एकदा हललं की थांबत नाही. तिचंही असंच होतं का गं?"

आवाज चंद्रावर जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात, त्यात आणखी क्षणभर मिसळलेला कळत नाही, तेवढा वेळ तन्वीने घेतला. तिच्या हातातलं बाळ नुसत्या श्वासाने हलत होतं आणि बोट लावलं की थांबत होतं. ओढ सहापट करता येते म्हणून बाळ करता येत नाही. सहापट माती ही सहापट मातीच असते, हलवायला आणि थांबवायलाही. जन्मभर पंपांची जड चाकं फिरवलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही.

"हो," तन्वी म्हणाली. "अगदी असंच होतं."

तिचं बोलणं पोचेपर्यंत मिहिर गाठोड्याकडेच बघत होता. मग त्याने मान हलवली.

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी ते थांबवायला लागला.